अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र: गणपतीला येणाऱ्या खासदाराला काय विचाराल?

सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि मतदार सभासद यांस,

स. न. वि. वि.

२०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि अमेरिकेच्या काँग्रेसची निवडणूक ३ नोव्हेंबरला. म्हणजे बहुतेक मंडळांचा गणपती ऐन प्रचारात बसणार. स्थानिक खासदार किंवा त्याचा प्रतिस्पर्धी आरतीला येईल, शाल-श्रीफळ घेईल, भारतीयांच्या मेहनतीबद्दल चार गोड वाक्यं बोलेल आणि मोदक खाऊन जाईल. लहानपणी इथे आणलेल्या मुलांचं, म्हणजे 'ड्रीमर्स'चं, तुमचा पक्ष काय करणार आहे, हे त्याला कुणी विचारणार नाही. ते विचारलं जावं म्हणून हे पत्र.

मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर हा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "ड्रीमर म्हणजे बॉर्डर ओलांडून आलेले, त्यांच्याशी आपला काय संबंध?" दुसरं, "आपलं मंडळ नॉन-प्रॉफिट आहे, राजकारण चालत नाही." पहिलं अर्धवट माहितीवर उभं आहे, दुसरं चुकीच्या.

आधी पहिलं घेऊ. लहानपणी आईबापांनी आणलेली मुलं इथे दोन प्रकारची. ज्यांच्याकडे कागद नव्हते किंवा व्हिसाची मुदत संपल्यावरही जी राहिली, त्यांच्यासाठी १५ जून २०१२ ला ओबामा सरकारने 'डाका' (DACA) हे धोरण आणलं. अटी काटेकोर होत्या. सोळा पूर्ण होण्याआधी आलेलं, १५ जून २००७ पासून सलग इथेच राहिलेलं, १५ जून २०१२ ला एकतिशीच्या आतलं, शिकत असलेलं किंवा हायस्कूल झालेलं किंवा सैन्यातून सन्मानाने बाहेर पडलेलं, गंभीर गुन्हा नसलेलं, आणि त्या दिवशी कोणतंही कायदेशीर स्टेटस नसलेलं. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे लागेल. मिळतं काय, तर दोन-दोन वर्षांपुरती हद्दपारीतून सूट आणि कामाचा परवाना. ग्रीन कार्ड नाही, त्याचा रस्ताही नाही.

२०१७ मध्ये ट्रम्प सरकारने डाका गुंडाळायला घेतलं. १८ जून २०२० ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती गुंडाळण्याची रीत मनमानी ठरवली. जुलै २०२१ पासून टेक्ससमधल्या फेडरल कोर्टाच्या निकालामुळे नवे अर्ज मंजूर होत नाहीत, जुन्यांचं नूतनीकरण तेवढं चालू राहिलं. पाच लाखांवर लोक त्यावर तगून आहेत. २००७ नंतर आलेल्या एकाही मुलाला डाका कधी लागूच नव्हतं, म्हणजे आज हायस्कूलमध्ये बसलेली कागद नसलेली मुलं जवळपास सगळी त्याच्या बाहेर आहेत.

दुसरा प्रकार तुमच्या रविवारच्या मराठी शाळेत बसतो. आईबाप एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मूल एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर. चार वर्षांचं असताना पुण्याहून आलं, बालवाडीपासून इथेच शिकलं, कर भरणाऱ्या घरात वाढलं. एकविसाव्या वाढदिवसाला कायद्याच्या लेखी ते 'मूल' राहत नाही आणि एच-फोर संपतो. याला सगळे 'एज आउट होणं' म्हणतात. अशा मुलांना 'डॉक्युमेंटेड ड्रीमर' हे नाव पडलं, त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक सांगितली जाते, आणि त्यांच्यासाठी 'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही तरुणांचीच संघटना काम करते. डाकाच्या त्या शेवटच्या अटीने ही मुलं बाहेर पडली: २०१२ मध्ये त्यांच्याकडे स्टेटस होतं, म्हणून संरक्षण नाही. कागद नसलेल्या पण डाका मिळालेल्या मुलाला नोकरी करता येते, सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. एच-फोरवरच्या मुलाला पिझ्झाच्या दुकानातही काम करता येत नाही, कारण २०१५ पासूनचा एच-फोरचा कामाचा परवाना फक्त पती-पत्नीपुरता आहे, आणि तोही ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्प्यावर पोचलेल्यांना.

हा विरोधाभास पाहून काही पालकांच्या मनात जे येतं ते स्पष्टच बोलू. स्टेटस सुटू देण्यात काहीही फायदा नाही. डाकाच्या तारखा केव्हाच उलटून गेल्या. अठरा वर्षांनंतर बेकायदा मुक्काम १८० दिवसांवर गेला आणि मग देश सोडला तर तीन वर्षं, एक वर्षावर गेला तर दहा वर्षं परत येण्यावर बंदी.

ही वेळ मुळात येते कशी, ते मंडळाच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला तोंडपाठ असायला हवं, कारण खासदाराच्या कचेरीतल्या तरुण कर्मचाऱ्याला बहुधा ते ठाऊक नसतं. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यातली ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या गटाच्या वाट्याला साधारण ४०,०००. कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही, म्हणजे भारताला ईबी-टूमध्ये २,८०० च्या आसपास, शिवाय इतरांनी न वापरलेली उरतील तेवढी. आणि या आकड्यात बायको, नवरा, मुलं सगळी मोजतात. चौघांचं कुटुंब धरलं तर ही सातशे घरं झाली. केटो इन्स्टिट्यूट या अभ्यास संस्थेच्या २०२३ च्या हिशेबात रोजगाराच्या रांगेत १८ लाख लोक होते आणि त्यातले ११ लाख भारतीय. २०२५ अखेरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांगेत कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला हे सांगणारं सरकारी मासिक पत्रक) भारताची ईबी-टू आणि तिच्या खालच्या ईबी-थ्री गटाची तारीख २०१३ सालात अडकलेली होती.

६ ऑगस्ट २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टने यावर एक पट्टी बांधली. सूत्र असं: व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीचं मुलाचं वय, त्यातून आय-१४० (कंपनीने कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) जितके दिवस प्रलंबित होता ते दिवस वजा. उत्तर एकविसाच्या आत आणि मूल अविवाहित, तर ते अजून 'मूल'. शिवाय व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षात अर्जाचं पाऊल उचललेलं हवं.

उदाहरण करून बघा. मुलाचा जन्म १० मे २००४. आय-१४० दाखल १ ऑक्टोबर २०१३, मंजूर १ एप्रिल २०१४. मधले दिवस १८२. एकविसावा वाढदिवस १० मे २०२५, त्यात १८२ दिवस मिळवले की ८ नोव्हेंबर २०२५. वडिलांची रांगेतली तारीख नोव्हेंबर २०२५ च्या बुलेटिनपर्यंत लागली तर मूल वाचलं. आता तोच आय-१४० कंपनीने १,२२५ डॉलर जास्तीचे भरून प्रीमियममध्ये टाकला आणि पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला असं धरा. वजा करायला पंधराच दिवस. मुदत २५ मे २०२५ ला संपली, म्हणजे मे महिन्याच्या बुलेटिनमध्ये तारीख लागली नसेल तर खेळ खलास. त्या वेळी घरी पेढे वाटले गेले असतील. सरकार जितकं हळू, तितकं मूल लहान. घाईचे पैसे भरून घरच्यांनी स्वतःच मुलाचे १६७ दिवस खर्ची घातले. आणि रांगेतली दहा-बारा वर्षं? ती वजाबाकीत धरतच नाहीत. दोष आहे तो इथे.

आता 'व्हिसा उपलब्ध झाला' म्हणजे कधी, यावर सगळी मेख. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात: अंतिम कारवाईचा आणि अर्ज दाखल करण्याचा. दुसरा सहसा काही महिने पुढे असतो. १४ फेब्रुवारी २०२३ ला बायडन सरकारच्या इमिग्रेशन खात्याने वय मोजायला दुसरा तक्ता धरायचं ठरवलं. १५ ऑगस्ट २०२५ पासून ट्रम्प सरकारच्या खात्याने पुन्हा पहिला तक्ता लावला; त्याआधी दाखल झालेल्या अर्जांना जुना नियम. संसदेत मतदान नाही, जाहीरनाम्यात ओळ नाही, पॉलिसी मॅन्युअलमधलं एक पान बदललं. याचा घातक परिणाम असा की दुसऱ्या तक्त्यावर आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) दाखल करता येतो, बोटांचे ठसे होतात, कामाचा परवानाही हातात येतो, घरच्यांना वाटतं "सुटलो", पण मुलाचं वय मात्र धावतच असतं. पहिला तक्ता त्या तारखेला पोचण्याआधी सूत्राचं वय एकवीस झालं की मुलाचा अर्ज नामंजूर, आईबापांचा चालू. म्हणून फाइल केल्यावरही मुलाचा पुढचा बंदोबस्त काय, हे वकिलाला आधीच विचारून ठेवायला लागतं.

पुढचा बंदोबस्त म्हणजे बहुधा एफ-वन, विद्यार्थ्यांचा व्हिसा. स्टेटस बदलण्याचा आय-५३९ अर्ज वाढदिवसाच्या आत गेला पाहिजे, कॉलेजकडून आय-२० (प्रवेशाचा दाखला) आधी हवा, ३५० डॉलरची सेविस (विद्यार्थी नोंदणीची) फी वेगळी. आणि एफ-वनला 'शिकून परत जाईन' असं पटवून द्यायचं असतं, जेव्हा आईबापांच्या आय-१४० मध्ये याच मुलाचं नाव लिहिलेलं असतं. त्यामुळे आजीला भेटायला भारतात गेलेल्या मुलाला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर २१४(बी) खाली, म्हणजे परत जाण्याची खात्री पटत नाही म्हणून, नकार मिळू शकतो. मग मुलं जाणंच बंद करतात. अनेक राज्यांत एफ-वन झालं की इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी जाते, फेडरल मदत तर कधी नव्हतीच. पदवीनंतर बारा महिने ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर काम करण्याची मुभा), विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी चोवीस, मग ८५,००० जागांची एच-वन-बी लॉटरी. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने परदेशातून आणायच्या नव्या एच-वन-बीवर १,००,००० डॉलर लावले. इथल्या इथे एफ-वनवरून बदलणाऱ्यांना ते लागू नाहीत, असं खात्याने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. म्हणजे बाहेर पाऊल टाकलेल्या मुलाला परत येणं आणखी महाग.

जाता जाता एक बारीक गोष्ट, कारण हीच सगळ्यात जास्त घरात चुकते. भारताचा अल्पवयीनांचा पासपोर्ट सहसा पाचच वर्षांचा असतो. विमानतळावरचा अधिकारी पुष्कळदा आय-९४ ची (इथे किती काळ राहता येईल त्या नोंदीची) मुदत पासपोर्टच्या मुदतीइतकीच देतो. व्हिसा २०२८ पर्यंतचा, पण मुलाचा आय-९४ २०२६ लाच संपलेला, आणि घरात कुणी पाहिलेलं नसतं. प्रत्येक भारतवारीनंतर सगळ्यांचे आय-९४ उतरवून घ्या, मुलांचे आधी.

आता पक्ष. "डेमोक्रॅट ड्रीमर्सच्या बाजूचे, रिपब्लिकन विरोधात" हे ढोबळ सूत्र डाकाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. २०१६ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्याने ओबामांचे २०१२ आणि २०१४ चे आदेश रद्द करा असं लिहिलं. २०२४ च्या जाहीरनाम्यात सर्वांत मोठ्या हद्दपारीचं आश्वासन आहे, गुणवत्तेवर आधारित इमिग्रेशनची ओळ आहे, साखळी स्थलांतर (नातेवाइकांमागून नातेवाईक येणं) संपवण्याची ओळ आहे. डाकाच्या मुलांबद्दल काही नाही. त्याच वर्षी जूनमध्ये उमेदवार ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले की अमेरिकी कॉलेजातून पदवी घेणाऱ्याला पदवीबरोबर ग्रीन कार्ड मिळावं; प्रचारयंत्रणेने लगेच त्याला अटी जोडल्या. निवडून आल्यावर डिसेंबरमध्ये टीव्हीवर म्हणाले की ड्रीमर्ससाठी डेमोक्रॅट्सबरोबर काही करू. डेमोक्रॅट्सच्या जाहीरनाम्यांत नागरिकत्वाचा रस्ता वर्षानुवर्षं आहे.

पण जाहीरनामा वाचून निष्कर्ष काढू नका, मतमोजणी वाचा. लहानपणी आलेल्यांना कायमचा दर्जा देऊ पाहणारा पहिला ड्रीम ॲक्ट २००१ मध्ये डेमोक्रॅट डिक डर्बिन आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी मिळून आणला होता. डिसेंबर २०१० मध्ये तो हाउसमध्ये (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात) २१६ विरुद्ध १९८ ने पास झाला आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ वर अडकला, कारण तिथे चर्चा थांबवायला ६० लागतात. त्या ४१ मध्ये पाच डेमोक्रॅट होते. ते पाच बाजूला आले असते तर साठ झाले असते. २०१३ चं सर्वसमावेशक विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ ने, चौदा रिपब्लिकन मतांसह पास केलं. रिपब्लिकन नेतृत्वाने ते हाउसच्या पटलावर येऊच दिलं नाही. १५ फेब्रुवारी २०१८ ला सिनेटमध्ये द्विपक्षीय तडजोडीला ५४ मतं पडली आणि ट्रम्प यांच्या पसंतीच्या आराखड्याला ३९. त्याच वर्षी हाउसमध्ये मवाळ रिपब्लिकनांनी नेतृत्वाला बगल देऊन मतदान घडवण्यासाठी सह्या गोळा केल्या. २१८ हव्या होत्या, २१६ वर गाडी थांबली.

आता तुमच्या मुलांचं. १८ मार्च २०२१ ला हाउसने २२८ विरुद्ध १९७ ने जो ड्रीम अँड प्रॉमिस ॲक्ट पास केला, त्यात एच-वन-बी आणि एल (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावाल्यांची मुलंही होती. २०१९ च्या मसुद्यात नव्हती. ती आत आली कारण या तरुणांनी दारोदार जाऊन आपण अस्तित्वात आहोत हे दाखवलं. बाजूने नऊ रिपब्लिकन. सिनेटमध्ये मतदानच झालं नाही. त्याच वर्षी स्वतंत्र 'अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट' आला: हाउसमध्ये डेबोरा रॉस आणि राजा कृष्णमूर्ती हे डेमोक्रॅट, मॅरिएनेट मिलर-मीक्स आणि यंग किम या रिपब्लिकन, सिनेटमध्ये ॲलेक्स पडिला आणि रँड पॉल. दहा वर्षं कायदेशीर मुक्काम आणि इथली पदवी असेल तर ग्रीन कार्ड, वय मोजायचं ते रांगेत उभं राहिल्याच्या तारखेला, आणि सोळा वर्षांपासून कामाचा परवाना. इतकं साधं, दोन्ही पक्षांचं नाव असलेलं विधेयक. २०२३ मध्ये पुन्हा मांडलं. जुलै २०२२ मध्ये यातलं वयाचं कलम हाउसने संरक्षण खात्याच्या वार्षिक विधेयकात बसवलंही होतं. अंतिम मसुद्यातून ते काढलं गेलं.

फेब्रुवारी २०२४ मधलं सीमा-विधेयक तर "फक्त आपली कायदेशीर मुलं" म्हणणाऱ्यांनी नीट अभ्यासावं. त्यात एच-वन-बीवाल्यांच्या मुलांना वयाचं संरक्षण होतं, पाच वर्षांत अडीच लाख जादा ग्रीन कार्डं होती, आणि डाकावाल्यांसाठी काहीच नव्हतं. म्हणजे नेमका तुम्हाला हवा तसा तुकडा. ७ फेब्रुवारीला ४९ विरुद्ध ५० वर पडलं. ट्रम्प यांनी विरोध केला म्हणून रिपब्लिकन मागे हटले, आणि डाका नाही व आश्रयाचे नियम कडक म्हणून काही डेमोक्रॅटही विरोधात गेले. मुलांबद्दल त्या आठवड्यात कुणी भांडलंच नाही. भांडण सीमेचं होतं.

आमचं मत असं, की दोन्ही पक्षांना ही मुलं मान्य आहेत आणि म्हणूनच ती कुणाच्याच यादीत वर येत नाहीत. डेमोक्रॅट नेतृत्व त्यांना मोठ्या पॅकेजमधला गोड घास म्हणून राखून ठेवतं, एकटं पुढे नेत नाही. रिपब्लिकन नेते "कायदेशीर आलेल्यांचं स्वागत" म्हणतात आणि कायदेशीर आलेल्या मुलांसाठीचं विधेयक समितीत पडून राहतं. नावावरून माणूस ओळखू नका, याचं उदाहरण खुद्द ड्रीम ॲक्टचे जनक डर्बिन. देशनिहाय मर्यादा हटवणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये हाउसने ३६५ विरुद्ध ६५ ने पास केलं, तेव्हा सिनेटमध्ये त्यांनीच ते रोखलं. एकूण कार्डं न वाढवता फक्त रांग बदलली तर इतर देशांचे लोक मागे पडतील, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. त्यांच्या पर्यायी विधेयकात मुलांचं वय गोठवण्याचं कलम होतं. मर्यादा हटवण्यासाठी झटणारा सिनेटर माइक ली हा रिपब्लिकन. जुलै २०२५ मध्ये पुन्हा आलेला इमिग्रेशन सुधारणेचा डिग्निटी ॲक्ट फ्लोरिडाच्या रिपब्लिकन मारिया एल्विरा सालाझार आणि टेक्ससच्या डेमोक्रॅट व्हेरोनिका एस्कोबार यांचा आहे.

आणि 'कायदेशीर' या शब्दाच्या ढालीबद्दल: २० जानेवारी २०२५ च्या जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या आदेशात, आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर इथे जन्मणारं बाळही वगळलं होतं. एच-वन-बी आणि एच-फोरवरचं जोडपं त्यात बसतं. आदेश कोर्टात अडकला, पण रेघ कुठे ओढली गेली ते दिसलं. डाकाच्या मुलांपासून अंतर ठेवल्याने आपली मुलं रेघेच्या आत येत नाहीत.

आता तुमचं दुसरं वाक्य, नॉन-प्रॉफिटचं. बहुतेक मंडळं ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेल्या धर्मादाय संस्था, आहेत. अशा संस्थेला उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काहीही करायला १९५४ पासून पूर्ण बंदी आहे. पण विधेयकाच्या बाजूने बोलायला बंदी नाही, मर्यादा आहे. फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच) चा पर्याय घेतला की मोजमाप खर्चावर ठरतं: संस्थेच्या उद्दिष्टांवरच्या पहिल्या पाच लाख डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या २० टक्के. वर्षाला साठ हजार डॉलर खर्चणारं मंडळ बारा हजारांपर्यंत या कामावर खर्च करू शकतं. त्यातला 'लोकांनो, खासदाराला फोन करा' अशा आवाहनांचा भाग एक चतुर्थांशापुरता, म्हणजे तीन हजार. स्वयंसेवकांनी फुकट दिलेला वेळ या खर्चात मोजत नाहीत. फॉर्म एका पानाचा आहे. आपल्या सीपीएला दाखवा आणि भरून टाका.

गंमत अशी की जे चालतं ते मंडळं करत नाहीत आणि जे चालत नाही ते बिनधास्त करतात. प्रचाराच्या काळात एकाच उमेदवाराला गणपतीच्या स्टेजवर बोलावून, माइक देऊन, शाल पांघरून फोटो टाकणं धोक्याचं आहे. विद्यमान खासदार पदाच्या नात्याने आला तर निवडणुकीचा उल्लेख नको, पत्रकं नकोत, देणगीचं आवाहन नको. उमेदवार म्हणून बोलवायचं तर सगळ्यांना बोलवा, सारखा वेळ द्या, प्रश्न तेच विचारा, निवेदक तटस्थ ठेवा, आणि निमंत्रणाची प्रत जपून ठेवा. एकाने नकार दिला तर तो नकारही लेखी ठेवा.

खासदाराच्या कचेरीत जाताना काय चुकतं, तेही सांगतो. मतदारसंघातल्या कचेरीत 'केसवर्कर' बसतो. तो अडकलेल्या फाइलची चौकशी करतो आणि त्याला संबंधिताच्या सहीचं गोपनीयतेचं संमतिपत्र लागतं. विधेयकाचं काम वॉशिंग्टनमधला इमिग्रेशन बघणारा सहायक करतो. मंडळाची माणसं पहिल्याला विधेयक समजावतात आणि दुसऱ्यापुढे स्वतःचा आय-४८५ काढतात. दोन्हीकडे वेळ वाया. भेट पंधरा मिनिटांची असते. तिघांनीच जा, त्यातला निदान एक त्या मतदारसंघातला मतदार असू दे. एक पान ठेवून या, फाइल नको. विधेयकाचा क्रमांक त्या दिवशी तपासून घ्या: काँग्रेस दर दोन वर्षांनी बदलते, जुनी विधेयकं मरतात, आणि चालू ११९ वी काँग्रेस ३ जानेवारी २०२७ ला संपेल. गेल्या काँग्रेसचा क्रमांक घेऊन गेलात की समोरचा हसून नमस्कार करतो.

त्या एका पानावर सगळ्यात वजनदार ओळ एकच: "तुमच्या मतदारसंघात अशी किती मुलं आहेत." हा आकडा मंडळाशिवाय कुणाकडेच नाही. त्यासाठी नावं, जन्मतारखा, व्हिसाचे कागद गोळा करू नका. अशी यादी मंडळाच्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडून राहणं हाच धोका आहे. निनावी फॉर्ममध्ये चारच रकाने पुरतात: झिप कोड, मुलाचं वय, प्रायॉरिटी डेटचं (रांगेतल्या तारखेचं) वर्ष, आय-१४० किती दिवस प्रलंबित होता. झिपवरून मतदारसंघ काढा, चौदा ते वीस वयाची मुलं मोजा. झिप कधी दोन मतदारसंघांत विभागलेला असतो, तेवढं जपा.

प्रश्नही नेमके हवेत. "ड्रीमर्सबद्दल तुमची भूमिका काय?" असं विचारलंत तर आईच्या ममतेचं भाषण ऐकायला मिळेल. डेमोक्रॅटला विचारा: वयाचं संरक्षण देणारं विधेयक एकटं आलं, मोठ्या पॅकेजशिवाय, तर हो म्हणाल का? रिपब्लिकनला विचारा: सहप्रायोजक म्हणून नाव लावाल का, आणि समितीच्या अध्यक्षांना सुनावणीसाठी पत्र लिहाल का? दोघांनाही विचारा: सूत्रात कोणता तक्ता धरायचा हे खात्यावर न सोडता कायद्यात लिहाल का? २००७ नंतर आलेल्या, डाकाबाहेरच्या मुलांचं काय? उत्तर तारखेसह लिहून ठेवा आणि सभासदांना जसंच्या तसं पाठवा. शेरा मारू नका, नाहीतर तो प्रचार ठरेल. सभागृहात आज मिशिगनचे श्री ठाणेदार हे मराठी बोलणारे सदस्य आहेत, त्यांनाही हेच प्रश्न, हीच पट्टी.

कोण काय करू शकतं याबद्दल मंडळांत भयंकर गोंधळ आहे. खासदाराला भेटणं, पत्र लिहिणं, सभेत प्रश्न विचारणं एच-वन-बीवालाही करू शकतो, एच-फोरवरची मुलगीही. राजकीय देणगी मात्र नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनीच द्यायची. एच-वन-बीवाल्याने पन्नास डॉलरचं तिकीट काढून उमेदवाराच्या निधिभोजनाला जाणंही बेकायदा, आणि मित्राच्या क्रेडिट कार्डावर काढलं तर दोघेही अडकले. मतदान फक्त नागरिकांचं. लायसन्सच्या कचेरीत यंत्रावर "मतदार म्हणून नोंदणी करायची का?" विचारतात, तिथे घाईत 'हो' दाबलेल्या ग्रीन कार्डधारकाचं नागरिकत्व पुढे अडकतं. मुलांना सोळाव्या वर्षी लायसन्स काढायला नेताना हे आधी सांगा.

खालचा मसुदा तुमच्या पुढच्या कार्यकारिणी बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर तसाच घ्या, शब्द बदलले तरी चालेल: "विषय ४. (अ) फॉर्म ५७६८ भरणे. (आ) निनावी मोजणी, मुदत चार आठवडे. (इ) ऑगस्टच्या सुट्टीत खासदार मतदारसंघात असताना कचेरीत भेट, तिघांची नावं ठरवणे. (ई) गणेशोत्सवातील पाहुण्यांसाठी नियमावली." ऑगस्टच्या भेटीची वेळ जूनमध्येच मागावी लागते, जुलै उजाडला की दिवस भरलेले असतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
इमिग्रेशनच्या कागदांत रोज मान घालून बसलेले काही मराठी सभासद